पट्ट्यांची होडी

"घट्ट धर. सटकली तर थोबाडात बसेल," सुतार म्हणाला.

सुतारणीनं पट्टीचं टोक दोन्ही हातांनी आवळलं. पट्टी देवदाराची. लांबीला पंधरा फूट, रुंदीला दोन बोटं आणि जाडीला तिच्या करंगळीच्या निम्मीसुद्धा नाही. गोठ्यात जिथं पूर्वी बैल बांधायचे तिथं आता लाकडी साचे एकामागे एक उभे होते, एखाद्या मोठ्या जनावराच्या फासळ्या राहाव्यात तसे. त्या साच्यांवर सुतार पट्टीला पट्टी चिकटवत चालला होता. मधे गोंद, वरून दोरी, दोरीखाली पाचर. खिळा औषधालासुद्धा नाही. नेमकी हीच गोष्ट तिच्या घशाखाली उतरत नव्हती.

"अहो, एखादा तरी खिळा मारा की."

"पुस्तकात नाही."

"पुस्तक लिहिणारा बसणार आहे का यात?"

सुतार गालातल्या गालात हसला आणि त्यानं पाचर ठोकली. चाळीस वर्षांत त्यानं शंभरावर बैलगाड्या केल्या होत्या, पण पाण्यात जाणारं काही केलं नव्हतं. पोहायला त्याला येत नव्हतं, तिलाही नाही.

अकरा वर्षांपूर्वी खालच्या अंगाला धरण झालं आणि दरीत पाणी चढलं. घर अलीकडे राहिलं, मक्याचं वावर पलीकडे. पूर्वी ओढा ओलांडला की वावर यायचं. आता पाण्याला वळसा घालून जायचं तर तीन तास. इतकी वर्षं तो चालला, पण गेल्या थंडीत त्याच्या गुडघ्यानं राजीनामा दिला. वावर पडीक टाकायचं नाही तर पाण्यावरून जायचं, दोनच वाटा होत्या. जड होडी दोघा म्हाताऱ्यांना काठावर ओढवणार नव्हती. मग मुलीनं पाठवलेल्या पुस्तकात त्याला ही पट्ट्यांची होडी सापडली. दोघांनी उचलावी इतकी हलकी. जुन्या शाळेचं छत उतरवत होते, तिथून त्यानं देवदाराच्या फळ्या आणल्या आणि त्यांच्या पट्ट्या पाडल्या.

शेजारचा गिरणीवाला रोज दळण संपलं की पिठानं पांढरा होऊन बघायला यायचा.

"दादा, टोपली चांगली झालीय. कांदे किती मावतील?"

"तू मावशील," सुतार म्हणायचा. "वर झाकण लावतो."

सगळे हसायचे. सुतारीणही हसायची. पण भांडी घासताना तिला पाणी दिसायचं, खोल आणि हिरवं. त्यात ती टोपली, टोपलीत तिचा नवरा.

दोन महिन्यांनी शेवटची पट्टी बसली. रंधा मारून, पॉलिश पेपर घासून सुतारानं होडीचं अंग असं गुळगुळीत केलं की हात फिरवला तर कळूच नये की ही साठ-सत्तर तुकड्यांची आहे. मग पहाटेच्या गाडीनं तो तालुक्याला गेला, काय काय सामान आणायला. काय, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

ती गोठ्यात गेली. होडी साच्यावर पालथी, बूड वर. लाकूड कोरडं, फिकट, नुकतीच अंघोळ घातलेल्या मुलासारखं उघडं. तिनं बोटानं दाबलं तर तिला वाटलं की ते दबतंय. एवढ्याशा लाकडावर तो पाण्यात जाणार.

त्या घरात लाकडाची वस्तू म्हटली की तिला तेल पाजायचं, हे काम चाळीस वर्षं तिचं होतं. चाकांचे तुंबे, कुदळीचे दांडे, जोखडं, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. सुतारच सांगायचा, तेल मुरलं की पाणी शिरत नाही. तिनं जवसाच्या तेलाचा डबा उतरवला, फडकं घेतलं आणि बुडाच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वीतभर रुंदीत तेल चोळलं. देवदारानं ते तहानल्यासारखं पिऊन टाकलं. तिनं लगेच दुसरा हात दिला. मग कुठं तिनं डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सुतारानं सामान मांडलं. काचेच्या धाग्याचं पांढरं कापड आणि दोन डबे. दोन्हींतलं औषध एकत्र केलं की ते दगडासारखं घट्ट होणार, कापड लाकडाला धरून ठेवणार. होडीची ताकद त्या कापडातच होती. त्यानं चष्मा लावला आणि डब्यावरचं मोठ्यानं वाचलं.

"लाकूड कोरडं हवं. धूळ नको. मेण, तेल अजिबात नको. हाताचा घामसुद्धा नको, नाहीतर कापड धरणार नाही."

सुतारणीनं हात पदराला पुसले.

"बूड जरा गडद दिसतंय का गं?" तो म्हणाला. मग स्वतःच, "गाभ्याकडची फळी असेल ती."

त्याच वेळी ती बोलली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण तो कितीतरी दिवसांनी शीळ घालत होता. औषध कालवून झालं होतं आणि ते अर्ध्या तासात घट्ट होणार होतं. ती गप्प राहिली. कापडावर औषध पसरलं तसं कापड दिसेनासं झालं आणि आतलं देवदार मधासारखं चमकायला लागलं. गिरणीवाल्यालाही त्या दिवशी टोमणा सुचला नाही.

मग ती रोज, तो जेवून आडवा झाला की, गोठ्यात जायची आणि बोटाच्या पेरानं होडी वाजवून बघायची. चाक पक्कं आहे की नाही हे सुतार असंच वाजवून ओळखायचा. ऐकून ऐकून तिचेही कान तयार झाले होते. कडेला टणक आवाज यायचा. मधोमध मात्र पोकळ, भोपळ्यावर टिचकी मारावी तसा. आठव्या दिवशी तिला तिथं तळहाताएवढा पांढुरका फुगा दिसला. दहाव्या दिवशी तसे तीन झाले. उद्याचा दिवस सोडला की होडी पाण्यात जायची होती.

संध्याकाळी सुतार वल्ह्याला कानस मारत बसला होता. ती समोर येऊन उभी राहिली.

"मी तेल लावलं होतं."

"कशाला?"

"होडीला. तुम्ही तालुक्याला गेलात तेव्हा. बुडाला."

सुतारानं कानस खाली ठेवली. तो गोठ्यात गेला, ती मागोमाग. त्यानं फुग्याच्या कडेला पटाशीचं टोक लावलं आणि उचललं. दुधावरची साय निघावी तसं कापड हातभर निघून आलं. तो ते हातात धरून बघत राहिला. चाळीस वर्षांत त्यानं तिच्यावर आवाज चढवला नव्हता, पण आज चढवला तर बरं होईल असं तिला वाटलं.

"किती लावलंस?"

"वाटीभर."

"एकच हात?"

"दोन."

"पहिला वाळल्यावर दुसरा?"

"नाही. लगेच."

"कितीदा सांगितलंय," तो म्हणाला, "पहिला वाळू द्यावा म्हणून."

तो हसत नव्हता. मग तो उलट्या घमेल्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "गडद दिसलं तेव्हाच मला शंका आली होती. तुला विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, म्हणून विचारलं नाही. एवढं करून आता मोडायचं, याचीच भीती वाटली." हातातलं कापड खाली ठेवत म्हणाला, "आणि पाण्याचीही वाटते. तुला काय वाटलं, मला वाटत नाही?"

तिला ते खरंच माहीत नव्हतं.

दोघांनी मिळून बुडाचं कापड सोललं. तेल किती खोल गेलंय ते कळेना, म्हणून सुतार पातळ पातळ खरवडत गेला आणि ती थिनरच्या फडक्यानं पुसत गेली. फडकं स्वच्छ निघेपर्यंत बुडाचं लाकूड जाडीला निम्मं झालं होतं. त्यावर त्यानं दुहेरी कापड चढवलं. आता पेरानं वाजवलं की सगळीकडे एकच आवाज यायचा. काठालगत वाळूची तीन पोती घालून होडी दुपारभर तरंगत ठेवली. थेंब आत आला नाही. पण पोती हलत नाहीत, माणूस हलतो, हे तिला कळत होतं. त्यालाही.

निघायच्या सकाळी गिरणीवाला ट्रॅक्टरच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब घेऊन आला.

"वहिनी, ही मागं बांधा. देवदारावर माझा विश्वास आहे, पण ट्यूब जास्त ओळखीची आहे."

ट्यूब मागं बांधून सुतार गुडघा धरत होडीत उतरला. होडी डुचमळली. तो वल्हं उचलणार एवढ्यात सुतारीण पाण्यात शिरली आणि त्याच्या पुढ्यात जाऊन बसली.

"अगं, तू कुठं?"

"काठावर बसून बघायचं काळीज माझ्यात नाही."

होडी निघाली. खाली पाणी घोट्याचं झालं, कमरेचं झालं, मग तळ दिसेनासा झाला. जीव मुठीत धरून ती बसली होती. तिनं तळवा बुडावर टेकवला होता आणि लाकडापलीकडून सरकणारं गार पाणी तिला हाताला कळत होतं. मधोमध वारा आला आणि होडी कलली. मागून सुतार म्हणाला, "हलू नकोस," आणि त्याचा आवाज कापला. तिनं डोळे मिटले. तळव्याखाली ओल लागतेय का, एवढंच ती चाचपत होती. ओल तळव्याच्या घामाची होती. तिनं चाटून पाहिलं, खारट लागली.

पलीकडच्या चिखलात होडीचं नाक रुतलं तेव्हा ती रांगतच उतरली. वावरात तण कमरेएवढं माजलं होतं. दोघांनी दुपारपर्यंत उपटलं, बोलणं जवळजवळ नाहीच. ऊन कललं तसा सुतार उठला.

"चल. परत जायचंय."

ती पाण्याकडे बघत उभी राहिली.

"तू चालत ये हवं तर," तो म्हणाला. "तीन तास लागतील, पण येशील."

तिनं वळशाच्या रस्त्याकडे पाहिलं. मग होडीत जाऊन मागच्या बाजूला, त्याच्या जागेवर बसली.

"वल्हं इकडे द्या."

"तुला येतं का?"

"तुम्हाला तरी सकाळपर्यंत कुठं येत होतं? नुसतं बसलं की जास्त भीती वाटते."

सुतार पुढं बसला. पहिल्या दोन फटक्यांत होडी स्वतःभोवती फिरली आणि ट्यूब त्यांच्या पुढं आली. सुतारानं होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या. घराकडच्या काठावरून गिरणीवाला काहीतरी ओरडत होता, ते ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या फटक्याला होडी सरळ झाली.