तांबड्या रेघेची मिठकी

शैलेशनं तांब्या ओट्यावर ठेवला, पण तांब्याच्या तोंडाला बांधलेलं ओलं फडकं सोडलं नाही. तांब्यात वाणगावच्या विहिरीचं पाणी होतं. तो कशासाठी आलाय, हे त्यावरूनच घरात सगळ्यांना कळलं.

माईनं त्याला कोरा चहा दिला.

"दूध हाय," ती म्हणाली, "पण घातलं की फाटतं. पाणी खारं झालंय."

माईचा मुलगा केदार पहिल्या पाळीहून नुकताच आला होता. कंपनीच्या बसमधून उतरून, चपला काढून तो ओट्याच्या कडेला बसला होता, तो तसाच बसून राहिला. आपला मेहुणा आलाय हे त्यानं पाहिलं होतं, एवढंच.

"आई म्हणते, वर्षश्राद्धाच्या आत आणायला हवी," शैलेश म्हणाला. "ताईची मिठकी."

"घेऊन जा," केदार म्हणाला. शेजाऱ्यानं शिडी मागावी आणि आपण मानेनंच हो म्हणावं, तसं.

शिरगावच्या वाड्यांमधल्या विहिरी गोड राहतात त्या मिठकीमुळे. समुद्र हाकेवर, भरतीला खार जमिनीतून आत सरकतो, आणि तो खाऊन टाकायचं काम ही बया करते. बोटाच्या पेराएवढी, गाठीगाठीच्या अंगाची, आरपार दिसणारी, पाय किती ते तिचं तिला ठाऊक. ती विहिरीच्या दगडांच्या सांदीत राहते, पाण्यातलं मीठ पाठीखाली साठवते आणि पावसाळा सरला की कात टाकते. मग पाण्याच्या कडेनं पांढऱ्या कवचांची ओळ लागते. बायका ती कवचं वेचून खाडीत टाकून येतात. एरवी मिठकी नजरेला पडत नाही. घागर बुडून पाणी हललं की मात्र वर येते, कारण हललेल्या पाण्यातच तिला श्वास मिळतो.

मुलगी सासरी निघाली की माहेरच्या विहिरीतली मिठकी तांब्यात घालून तिच्याबरोबर देतात. ती बाई गेली आणि माहेरच्यांनी मागितली, तर परत द्यायची, नवऱ्यानं आपल्या हातानं द्यायची. यात कुणी वाद घालत नाही.

शैलेशची ताई मेघाली, तिच्या मिठकीच्या पाठीवर तांबडी रेघ होती. लग्नाच्या दिवशी माईनं तांब्यात डोकावून म्हटलं होतं, "वाणगावची ना? तिकडची मिरची खाऊन आलेली दिसते." आमच्या खाऱ्या पाण्यात ही काही टिकायची नाही, असंही ती चारचौघींत बोलली होती. मेघाली नुसती हसली. पुढं रोज सकाळी रहाटावर घागर सोडताना ती विहिरीत वाकून म्हणायची, "माई उठल्या, कामाला लागा." स्वयंपाकघरात माईला ते ऐकू जायचं. ऐकू जातं, हे माईनं कधी दाखवलं नाही.

मग कावीळ झाली आणि मेघाली गेली. घर माणसांनी भरलं, पाणी पुरेना, म्हणून केदारनं विहिरीत मोटर सोडली. पाहुणे गेले, मोटर राहिली. माईचे गुडघे दुखायचे, बटण दाबलं की टाकी भरायची, बरंच होतं ते. मोटर तळातलं पाणी ओढायची आणि वरचं पाणी निपचित पडून राहायचं. कुणाच्या ध्यानात आलं नाही. तेव्हा त्या घरात कुणाच्याच काही ध्यानात येत नव्हतं. पुढं वाडीतल्या चिकूची पानं कडेनं करपायला लागली. केदारनं ती पाहिली आणि कामावर गेला. मेघाली गेली त्या दिवशीही तो असाच होता. लोक म्हणाले, रडू दे त्याला, रडला म्हणजे बरं. त्याला रडू आलंच नाही.

"आमची काळ्या रेघेची तर कधीच सरली," माई शैलेशला म्हणाली. "उरली असेल तर तुमचीच. ती नेलीस तर वाडी जाईल रे."

"आमच्याकडं तिचं दुसरं काय हाय, माई?"

माई आत गेली आणि वाटीभर मीठ घेऊन आली.

केदारनं पँट दुमडली आणि वाटी घेऊन विहिरीच्या दगडी पायऱ्या उतरला. मनगटाला मीठ चोळून हात पाण्यात धरायचा. वासाला मिठकी येते आणि हातावर चढते. त्यानं हात धरला. पाणी हललं नाही.

"हाय काय?" शैलेशनं वरून विचारलं.

"नाय."

त्यानं पुन्हा मीठ चोळलं. वाटी रिकामी झाली, तरी काही आलं नाही. मेली असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याचंही त्याला काही वाटलं नाही. तो शेवटच्या पायरीवर बसला.

समोर जुना दोर लोंबत होता, खाली घागर तशीच अडकलेली. गेल्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, दोर पुरेना, तेव्हा मेघालीनं आपल्या हिरव्या सुती साडीची पट्टी फाडून त्याला गाठ मारली होती. बोईसरहून नवा दोर आणतो, असं तो तिला म्हणाला होता. त्यानं गाठीला हात लावला. मग उगाचच ती सोडवायला लागला. गाठ काही सुटेना. तिनं दोन्ही हातांनी आवळलेली असणार. त्याच्या ओढाताणीत घागर हेलकावली आणि धप्पकन पाण्यात पडली.

लाटा दगडांना जाऊन लागल्या. काही वेळानं, घागरीमागं पाण्यात गेलेल्या त्याच्या मनगटावर गुदगुल्या झाल्या. मिठकी होती, पाठीवर तांबडी रेघ. मनगटावर मीठ नव्हतं, पाण्यानं केव्हाच धुऊन नेलं होतं. ती तिथं थांबली नाही. कोपरावरून, बाहीवरून, मानेवरून ती वर गेली. तिच्यामागं तसल्याच रेघेची दुसरी, मग आणखी.

गालावर खाजलं म्हणून त्यानं हात लावला, तर गाल ओला होता. हनुवटीही ओली होती. हे कधीपासून, ते त्याला कळलं नाही. मेघाली नाही, हे मात्र त्याला कळलं, आणि ते इतकं दुखलं की त्यानं पायरीचा दगड घट्ट धरला. मिठक्या त्याच्या डोळ्यांखाली निवांत चरत होत्या.

"भावोजी, तांब्या सोडू काय?"

केदारनं दगड सोडला नाही.

"नाय मिळाली?"

"मिळाली," केदार म्हणाला. त्याचा आवाज विहिरीत घुमला. "नाय देत."

शैलेश कठड्यावर वाकला. त्यानं खाली पाहिलं, केदारच्या गालांवरच्या तांबड्या रेघा त्याला दिसल्या.

"मग आईला काय सांगू?"

"हायेत म्हणून सांग."

शैलेशनं फडकं सोडलं आणि वाणगावचं पाणी हळूहळू विहिरीत ओतलं. मग तो बाजूला झाला, कारण माई काठीचा आधार घेत रहाटाशी आली होती.

दोर ताणला गेला. घागर केदारच्या तोंडासमोरून वर गेली, माईनं ती चिकूच्या आळ्यात रिकामी केली आणि पुन्हा सोडली. मग कठड्याला धरून ती विहिरीत वाकली.

"माई उठल्या," ती म्हणाली. "कामाला लागा."