डावीकडची गाडी

नेव्हिल हाइनरिखचं म्हणणं असं, की संगणकाच्या पडद्यावरच्या मोटारशर्यतीत कुणी मरत नाही म्हणून माणसं माजतात. धडकलं तर धडकलं, बटण दाबलं की गाडी पुन्हा कोरी करकरीत. म्हणून तर तिथं सभ्यपणा जास्त हवा. ऑस्ट्रेलियातल्या व्हायॅला गावी पोलादाच्या कारखान्यात त्यानं उभा जन्म क्रेन चालवली होती. खाली माणसं वावरत असताना डोक्यावरून लोखंड फिरवायचं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

दर बुधवारी चहा झाला की तो बैठकीच्या खोलीतल्या शर्यतीच्या खुर्चीत बसे. समोर रुंद पडदा, हातात चाक, पायाशी पेडल, कानाला हेडफोन. त्याच वेळी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली आणखी पंधरावीस माणसं आपापल्या घरातून त्याच ट्रॅकवर उतरत. नवख्यांना धडे द्यायचं काम नेव्हिलचं.

"मागच्यानं पुढच्याला सांभाळायचं. शेजारी गाडी आली की तिला तिची वाट सोडायची, मग ती कितीही आगाऊ असो. गाडी फिरून आडवी झाली तर ब्रेक दाबून धर, वळवळू नकोस. येणाऱ्याला कळू दे तू कुठं आहेस ते. आणि गवतातून रस्त्यावर येताना आधी बघ, मग ये."

"झाल्या दहा आज्ञा," न्यूझीलंडच्या डनेडिनहून ब्रॉन्विन म्हणे. "आता हलायचं का, की प्रार्थनाही म्हणायची?" ती शाळेत गणित शिकवायची आणि चालवायची सुरीसारखी. नेव्हिलचं आणि तिचं चांगलं जमे.

पहिली धडक तिच्याशीच झाली. डाव्या वळणावर नेव्हिलनं चाक वळवलं आणि तिची गाडी भिंतीवर आदळून चेंदामेंदा झाली.

"नेव्ह! मी शेजारी होते!"

"कुठली शेजारी? ऐन वेळी घुसलीस."

"अख्खा सरळ रस्ता तुझ्या बाजूला होते. खिडकीतून तुझ्या नाकातले केस मोजत होते, बाबा!"

सगळे हसले. नेव्हिल हसला नाही. आत घुसायची घाई कशी नडते, यावर त्यानं सगळ्यांसमोर तिला चांगलं सुनावलं. नेव्हिल चुकेल, हे तिलाही खरं वाटत नव्हतं.

पुढच्या काही बुधवारांत त्यानं आणखी दोघांना उडवलं. एक नवखा पोरगा "आधी स्वतः शिका, आजोबा" असं म्हणून कायमचा निघून गेला. दुसरा होता टेविता. ऑकलंडला बस चालवणारा, बोलायला मऊ, नेव्हिलला काका म्हणणारा. त्यानं दुसऱ्या दिवशी फोन केला.

"काका, रागावू नका. मी रेकॉर्डिंग लावून बघितलं. प्रत्येक वेळी गाडी तुमच्या डावीकडचीच होती."

"म्हणजे मी मुद्दाम मारतो म्हणतोस?"

"तसं कुठं म्हणतोय? डोळे तेवढे दाखवून घ्या."

नेव्हिलनं फोन आपटला. मग त्यानं स्वतः ते रेकॉर्डिंग लावलं, टेविताला खोटं पाडायला. ब्रॉन्विनच्या वेळचं. पडदा रिकामा होता. रस्ता, झाडं, भिंत. कुठं आहे ती? त्यानं मान डावीकडे वळवली आणि तिच्या गाडीचं लाल नाक तिथं होतं. तो पुन्हा समोर बघू लागला. नाक नव्हतं. मान वळवली. होतं.

त्याच दिवशी त्यानं डोळे दाखवायची वेळ मागून घेतली.

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी तपासून काचबिंदू सांगितला. बराच पुढे गेलेला.

"पण मला काळं वगैरे काही दिसत नाही," नेव्हिल म्हणाला.

"काळं दिसलं असतं तर आधीच आला असतात. गेलेली जागा मेंदू आजूबाजूच्या चित्रानं भरून टाकतो. तुम्हाला रिकामा रस्ता दिसतो." त्यांनी चिठ्ठीवर औषध लिहिलं. "थेंबांनी उरलेली नजर राखता येईल. गेलेली येणार नाही. आणि खरी गाडी आजपासून बंद. मला परवाना खात्याला कळवावं लागेल."

"माझी बायको पोर्ट ऑगस्टाला असते. वृद्धाश्रमात. दर रविवारी जातो मी."

"तुमच्या शेजारून रस्ता ओलांडणारं कुणी तुम्हाला दिसणार नाही, मिस्टर हाइनरिख."

बायकोची, ग्वेनची, स्मरणशक्ती विरत चालली होती; रविवारी तो तिची नखं कापी, तिला कस्टर्ड भरवी, ती त्याला नावानं हाक मारी. आता बसच्या वेळा काही केल्या जुळेनात. मुलगी दूर पर्थला. शेजारचा रॉल्फ नेईन म्हणाला, पण त्याच्या पाळ्या खाणीतल्या, तो कधी गावात तर कधी नाही.

बुधवारी नेव्हिलनं सगळ्यांना सांगून टाकलं. "ब्रॉन्विन, त्या दिवशी तू शेजारी होतीस."

"ठाऊक आहे."

"सगळ्यांसमोर बोललो तुला."

"ते जाऊ दे रे. सोडून जाऊ नकोस मात्र. आम्ही घेतो सांभाळून."

ती शर्यत तो धावला. गाडी छान चालली होती. एकेकाला मागे टाकत तो पुढे सरकला, हात पूर्वीसारखे हलके झाले. मग कानात टेविताचा दबका आवाज आला. कुणा नव्याला सांगत होता: "काका येतायत. बाजूला हो. अख्खा रस्ता दे."

पुढची गाडी मुकाट्यानं गवतात उतरली. तिच्या पुढचीही. त्याच्या आसपास कुणी फिरकेना. तो शर्यतीत दुसरा आला.

"झकास चालवलंत, आजोबा!" कुणीतरी म्हणालं.

तो आवाज नेव्हिलनं ओळखला. ग्वेननं चमचा स्वतःच्या हातानं तोंडापर्यंत नेला, की तो तिच्याशी याच आवाजात बोलत असे. त्यानं आभार मानले आणि हेडफोन काढून ठेवले. त्यानंतर टेविताचे फोन आले, ब्रॉन्विनचेही. त्यानं उचलले नाहीत. काय बोलायचं हे त्यांनाही ठाऊक नसावं, हळूहळू फोन थांबले.

कितीतरी रविवार गेल्यावर रॉल्फला सवड झाली. ग्वेन खिडकीशी बसली होती. वाळली होती. रॉल्फ दारात टोपी हातात घेऊन उभा होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, चेहरा फुलला आणि तिनं हात पुढे केला.

"आलास, नेव्ह? किती वाट बघायला लावलीस रे."

रॉल्फ कानकोंडा झाला. "अहो बाई, मी नव्हे, हा..."

"असू दे," नेव्हिल म्हणाला. "हात दे तिला."

रॉल्फनं हात दिला. ग्वेननं तो गालाशी धरला आणि डोळे मिटून घेतले. नेव्हिल पलंगाच्या कडेला टेकला. नखं वाढली होती तिची. पण तो हात रॉल्फच्या हातात होता, आणि तो सोडवून घ्यायचं नेव्हिलच्यानं होईना.