शोधकक्षाची फाटाफूट

"उद्यापासून शोधकक्ष बंद," ग्रंथपाल म्हणाले. "आता प्रत्येक विभागात एक माणूस, एक संगणक. ऑनलाइन शोध तिथल्या तिथेच करून द्यायचा. कुणाला काही अडचण?"

ताईंनी शेजारी बघितलं. दादांनी हळूच मान हलवली. बोलू नकोस.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोघांनी एकाच टेबलाशी उमेदीची वर्षं काढली होती. संशोधकांना हवे ते लेख संगणकावर शोधून द्यायचे, हे त्यांचं काम. पण अलीकडे दादांना पडद्यावरची अक्षरं दिसेनाशी झाली होती. दुखणं वाढतच जाणार होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. काय शोधायचं ते दादा सांगत आणि समोर आलेलं ताई वाचून दाखवत. बाकी कुणाला पत्ता नव्हता.

"सांगून टाका ना, दादा," बैठकीनंतर ताई म्हणाल्या. "दुसरं काही काम देतील."

"काम देतील की घरी बसवतील? धाकटीचं शिक्षण व्हायचंय अजून. तुला माझी शपथ आहे."



दादांच्या वाट्याला वैद्यक विभाग आला. ताईंची रवानगी वरच्या मजल्यावर झाली. सुरुवातीला त्या जेवणाच्या सुट्टीत धावत खाली जात, दादांचं साचलेलं काम उरकून देत. पुढे त्यांच्याच टेबलाशी गर्दी वाढली आणि जाणं राहू लागलं.

अशाच एका दिवशी एका सर्जननी औषधाबद्दलचे लेख तातडीने मागवले. दादांनी अंदाजाने नाव टाइप केलं. अक्षर चुकलं आणि भलत्याच औषधाची माहिती छापून गेली. सर्जनच्या वेळीच लक्षात आलं म्हणून रोगी वाचला.

"तुम्हाला ठाऊक होतं?" चौकशीत दादांच्या डोळ्यांचं सगळं बाहेर आलं, तेव्हा ग्रंथपालांनी ताईंना विचारलं.

"होतं."

"मग बोलला का नाहीत, बाई?"



दादांची नोकरी टिकली, पण त्यांना दारापाशी वाचकांच्या पिशव्या सांभाळायला बसवलं. ताई बरेच दिवस मागच्या जिन्याने ये-जा करत राहिल्या. शेवटी एका सकाळी मन घट्ट करून समोरच्या दाराने आल्या. काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं.

चाहूल लागताच दादांनी मान वर केली. थेट त्यांच्या चेहऱ्याकडे बघत ते अदबीने म्हणाले, "पिशवी इथे ठेवा, मॅडम."

ताईंनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. आवाज ऐकला असता तर आपण कुणाला ओळखलं नाही, ते दादांना कळलं असतं. कर्मचाऱ्यांना पिशवी ठेवावी लागत नसे. तरी त्यांनी डब्याची पिशवी पुढे केली. दादांनी ती चाचपत फळीवर नीट टेकवली, पितळी बिल्ल्यावरचा आकडा बोटाने तपासला आणि बिल्ला ताईंच्या तळहातावर ठेवला.