बरणीतला बाप

मी समुद्रघोडा बोलतोय. धुळ्याच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटात, फॉर्मॅलिनच्या बरणीत उभा आहे. बरणीवरच्या चिठ्ठीवर लिहिलंय, 'मादी'. धादांत खोटं! मी नर आहे आणि बाप आहे.

माझा जन्म मालवणच्या खाडीतला. १९४९ साली यावलचा तोताराम भंगाळे नावाचा तरुण तिथे आला. घरी केळीच्या बागा. याला मात्र समुद्रातले जीव कसे जन्मतात याचं वेड. आमच्यात मादी नराच्या पोटावरच्या पिशवीत अंडी ठेवते आणि नरच बाळंत होतो, हे त्याने वाचलं होतं. त्याला ते डोळ्यांनी पाहायचं होतं. मला काचेच्या टाकीत ठेवून तो जेवणखाण विसरून समोर बसायचा. एका पहाटे मला कळा आल्या. वाकून वाकून मी पिल्लं बाहेर टाकली, तेव्हा हा वेडा काचेला नाक लावून रडत होता. "सांगेन रे सगळ्यांना," म्हणाला.

मी मेल्यावर त्यानेच 'नर' अशी चिठ्ठी डकवली आणि बरणी मांडीवर घेऊन मला बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने खानदेशात आणलं.

धुळ्याला नोकरी लागली. कॉलेजच्या प्रदर्शनात भंगाळे सर मला उचलून गर्दीला सगळं सांगायचे. दोंडाईचाकडची वच्छलाबाई पदर तोंडाला लावून हसली. "बाप बाळंत व्हस? भाऊ, मन्हा नवराले दखाडा हाई!" मग काचेवर बोट ठेवून म्हणाली, "पुढला साल त्याले लई येसू."

संस्थेचे अध्यक्ष मोहनलालशेठ यांना मात्र हसू आलं नाही. "सर, घरंदाज बायका येतात इथं. गावात आमची थट्टा चाललीय. विभागप्रमुखाची जागा भरायचीय, जरा समजून घ्या."

सर समजले. लगेच समजले, याचाच मला संताप आहे. नोकरी जात नव्हती. घरी केळी पिकत होती. तरी त्यांनी ओल्या फडक्याने चिठ्ठी भिजवली, नखाने खरवडली आणि नव्या चिठ्ठीवर त्याच वळणदार अक्षरात लिहिलं, 'मादी'.

पुढच्या साली वच्छलाबाई खरंच नवऱ्याला घेऊन आली. त्याने चिठ्ठी वाचली. "मादी शे ना वं! वरीसभर मन्हं डोकं खाधं!"

ती सरांकडे वळली. "भाऊ, तुम्हीच सांगेल व्हतं ना?"

"तेव्हा चुकलो होतो, अक्का," सर म्हणाले. माझ्याकडे न बघता.

नवरा हसत पुढे गेला. ती मान खाली घालून त्याच्यामागे गेली.

आता १९६० उजाडलंय. सर विभागप्रमुख आहेत, कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात असते. मुलं 'मादी' म्हणून माझं चित्र काढतात, आणि फक्त नराला असते ती पिशवीही इमानाने काढतात. कुणी विचारत नाही.

वाचकहो, मला समुद्र नको आता. धुळ्याला आलात तर चिठ्ठी वाचू नका, माझं पोट बघा. आणि दोंडाईचाकडे वच्छलाबाई भेटली, तर तिला एवढं सांगा: बाई, तुझा भाऊ तेव्हा चुकला नव्हता.