तीस सेकंदांचा आत्मा

इमारतीच्या पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या गाडीभोवती निम्मी इमारत गोळा झाली होती. लिफ्ट बंद असताना कधी खाली न उतरणारे चौथ्या मजल्यावरचे आजोबासुद्धा आज जिन्याने आले होते. महाराजांनी हातातल्या किल्लीवर शाल ओढली, डोळे मिटले आणि हाक मारली, "आलास का रे बाळा?"

टक्. चारही दारांची कुलपं उघडली. महाराज काहीबाही पुटपुटत राहिले, आणि थोड्या वेळाने पुन्हा टक्. कुलपं लागली.

"गेला," महाराज म्हणाले. "आत्मा लोखंडाला धरून असतो. लोखंडात चुंबक, चुंबकात ओढ आणि ओढीतच जन्ममरण. गाडी आश्रमात आली की तो मोकळा होईल."

खांबाला टेकून उभ्या असलेल्या, गाडीच्या मालकिणीच्या नणंदेचं डोकं तडकलं. ती बारा वर्षं गॅरेजमध्ये गाड्यांचं वायरिंग करत होती. ही गाडी तिच्या दादाची, आणि दादा दोन महिन्यांपूर्वी वारला. वहिनी नर्स; अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचं ड्रेसिंग करायला घरोघरी जायची आणि दादा तिला सोडायचा. आता स्वतःच चालवायची असं तिने ठरवलं होतं, लायसन्सही होतं. पण गाडी आपोआप कुलूप लावून घेते म्हणून ती हादरली. शेजाऱ्यांनी महाराज आणले, आणि आज ती गाडी देऊन टाकून घरी बसायला निघाली होती. नणंद आठवडाभर कानीकपाळी ओरडत होती, पण पिकतं तिथं विकत नाही.

"किल्ली बॉनेटवर ठेवा," ती पुढे होऊन म्हणाली. "उघडी. मग बोलवा माझ्या भावाला."

महाराजांनी बोलावलं. दोनदा बोलावलं. गाडी ढिम्म.

"अश्रद्ध माणूस समोर असला की आत्मा लाजतो."

"खरंय," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. नणंदेला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. तिने किल्लीवरचं बटण दाबलं. टक्. "नाही लाजला," ती म्हणाली आणि आजोबांना घड्याळ बघायला लावलं. तिसाव्या सेकंदाला टक्. मग तिने किल्ली वॉचमनला दिली, मग आजोबांना. दर वेळी तेच. शालीखाली महाराजांचा अंगठाही हेच करत होता.

"म्हणजे तो सगळ्यांशीच बोलतोय," एक बाई भारावून म्हणाल्या.

"कुणाशीच बोलत नाहीये, काकू. तो गेला." नणंद म्हणाली. "माझा भाऊ होता. बोलला असता तर मला नको होतं का?"

मग तिने सांगायला घेतलं. प्रत्येक दाराच्या आत एक छोटी मोटर असते. ती एका बाजूला फिरली की कुलूप लागतं, उलटी फिरली की उघडतं. किल्लीचं बटण दाबलं की रेडिओवरून संदेश जातो. गाडीतला एक डबा तो ओळखतो आणि चारही मोटरींना एकदम वीज सोडतो.

"आणि त्यानंतर कुणी दार उघडलंच नाही, तर डबा धरून चालतो की खिशात चुकून बटण दाबलं गेलं. चोराला आयती गाडी मिळू नये म्हणून तीस सेकंदांनी तो पुन्हा कुलूप लावतो. वहिनी, तुम्ही बटण दाबून काय करत होतात?"

वहिनी इतका वेळ जमिनीकडे बघत होती. "उभी राहायचे," ती म्हणाली. "यांच्या जागेवर बसायचं धाडसच होईना, वन्सं. हात पुढे जायचा आणि मागे यायचा. तेवढ्यात कुलूप लागायचं. वाटायचं, यांना मी आत नकोय."

नणंदेला महाराजांना चार शब्द सुनावायचे होते, पण ते शालीची घडी घालून निघालेही होते. जाता जाता लिफ्टला काही बाधा आहे का बघतो म्हणाले, आणि दोघंतिघं त्यांच्यामागे गेले. आता या लोकांपुढे डोकं फोडून काय उपयोग. तिने किल्ली वहिनीच्या हातात दिली.

टक्.

"आता दार," नणंद म्हणाली.

वहिनीने हँडल ओढलं आणि आत बसली. दोघींनी तीस मोजले. मग आणखी तीस मोजले. कुलूप लागलं नाही. दादा उंच होता. त्याच्या मापाने मागे सरकवलेली सीट वहिनीने पुढे ओढली आणि पाय ब्रेकला पोचतो का ते पाहिलं.

तेव्हा मंडळी, यंत्र आपोआप चाललेलं दिसलं तर ते कसं चालतं हे आधी जाणत्याला विचारा. हात जोडायची घाई करू नका. दार उघडायलाही तेच हात लागतात.