घरभेट

बस डेपोत चौतीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिहून टाइमकीपर निवृत्त झाले. घरी बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा बरं म्हणून ते डेपोच्या बंद पडलेल्या कँटीनमध्ये दर रविवारी मुलांना शिकवू लागले. मुलं अकरावी-बारावीची, हुशार आणि घरात वही उघडायलाही जागा नसलेली. अकरा वर्षांत त्यांतली एकोणीस जण चांगल्या कॉलेजात गेली. "माझी मुलं नापास होत नाहीत आणि उशिराही येत नाहीत," असं ते कुणी न विचारताही सांगत. फुशारकी होती, पण खोटी नव्हती.

विसावी ठरणार होती वकील. हे तिचं वर्गातलं नाव. व्हायचं होतं तिला इंजिनीअर; पण भूमितीचं प्रमेय असो की खिडकीजवळची जागा, वाद घातल्याशिवाय तिला काही पटतच नसे. खोटं तर तिला अजिबात खपत नसे. एकदा टाइमकीपरांनी फळ्यावर चुकीचं उत्तर लिहून "मुद्दामच लिहिलं होतं" म्हणून वेळ मारून नेली, तर तिने भर वर्गात त्यांची उलटतपासणी घेतली. वडील नव्हते. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची.

एका नावाजलेल्या इंजिनीअरिंग कॉलेजात दरवर्षी गरीब घरच्या तीन मुलांना फी, हॉस्टेल, पुस्तकं, सगळं मोफत मिळे. वकील लेखी परीक्षेत वर होती, मुलाखतीत तर त्याहून वर. आता उरली होती घरभेट. कॉलेजच्या मॅडम घरी येणार, परिस्थिती खरंच बेताची आहे ना ते बघणार आणि फॉर्मवर होय किंवा नाही लिहिणार. नाही लिहिलं की दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

"ताई, घर नीट ठेवा," टाइमकीपरांनी आईला बजावलं होतं. "छाप चांगली पडली पाहिजे."

गुरुवारी पावणेचारला ते तीन जिने चढून गेले, दारातून आत डोकावले आणि आपण मजला चुकलो म्हणून परत फिरले. आईनेच हाक मारली, "काका, हेच घर!"

खोलीत सोफा होता. त्याच्यासमोर काचेचं टेबल, कोपऱ्यात माणसाच्या उंचीचा फ्रिज, त्याच्या शेजारी कॉम्प्युटर. भिंतीवर घड्याळं एकाला दोन. पलीकडच्या कोपऱ्यात चादरीने झाकलेलं एक टेबल. आईच्या कानात शेजारणीचे डूल. वकील सोफ्याच्या अगदी काठावर बसली होती, दुसऱ्याची वस्तू मळायला नको म्हणून.

"ताई, हे काय करून ठेवलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, छाप पडली पाहिजे?"

"अहो, छाप म्हणजे केर काढा, जळमटं काढा! मॅडम तुमची परिस्थिती बघायला येताहेत. हा फ्रिज बघून त्या नाहीच लिहिणार. काढा हे सगळं, लवकर!"

"पाहुणी घरी येणार आणि तिला मी डब्यावर बसवू?" आईने पदर खोचला. "नाही जमायचं. गरिबी काय प्रदर्शनात मांडायची वस्तू आहे?"

पुढचं भांडण व्हायच्या आत दारावर टकटक झाली. मॅडम दहा मिनिटं आधीच आल्या होत्या. आधी येणाऱ्या माणसांचा टाइमकीपरांना एरवी आदर वाटे. आज पहिल्यांदा राग आला.

मॅडम ठेंगण्या, खांद्याला पिशवी, जिन्याने दम लागलेला. त्या सोफ्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, खोलीभर नजर फिरवली आणि पेन काढलं.

"फ्रिज तुमचा?"

"आमचाच," आई ताठ मानेने म्हणाली.

"कॉम्प्युटर?"

"आमचाच."

मॅडमनी वकीलकडे पाहिलं. "तू सांग. हे सगळं तुमचं आहे?"

टाइमकीपरांच्या जिवात जीव आला. आता ही पोर सरळ सांगून टाकणार. वकीलने आईकडे पाहिलं. आईने हात पदराखाली घेतले होते. इस्त्रीचे चटके दिसू नयेत म्हणून. पोरीने ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"हो," ती म्हणाली. "आमचंच आहे."

"मग या जागेसाठी अर्ज का केलास?"

टाइमकीपरांनी दोन वर्षांत वकीलला गप्प बसलेली पाहिली नव्हती, आणि त्यांना ते बघवेना. मॅडमचं पेन फॉर्मवर टेकलं.

"थांबा, लिहू नका," आई उठली. "माझी पोर खोटं बोलली. कान बघा तिचे, कसे लाल झालेत. माझी मान खाली जाऊ नये म्हणून बोलली. मला नाही चालायचं ते."

मग आईने एकेका वस्तूवर बोट ठेवलं. सोफा खालच्या ड्रायव्हरचा. फ्रिज शिंप्याचा. कॉम्प्युटर मोबाइलवाल्याने दिलेला आणि तोही बिघडलेला, कारण चालू होते ते गिऱ्हाइकांचे. डूल शेजारणीचे. शेवटी तिने कोपऱ्यातल्या टेबलावरची चादर ओढून काढली. खाली इस्त्रीचं टेबल होतं, जागोजागी करपलेलं.

"हे आमचं. हॉस्पिटलातून आले की मी इथे लोकांचे कपडे करते. माझं आटोपलं की ही इथेच उभी राहून अभ्यास करते. खुर्ची नाही."

"मग एवढा खटाटोप कशाला केलात?"

"तुम्हाला बसायला अवघड वाटू नये म्हणून. आणि खरं सांगू? मलाही वाटू नये म्हणून."

"लोकांनी विचारलं नाही, सामान कशाला हवंय?"

"विचारलं ना. पोरीच्या कॉलेजसाठी म्हटल्यावर चौघे जण हात लावायला आले. मला काही उचलूच दिलं नाही."

मॅडम उठून इस्त्रीच्या टेबलापाशी गेल्या. "आज मी तीन घरं पाहिली. एका घरात तर भिंतीवर टीव्हीच्या जागी पांढरा चौकोन राहिला होता. टीव्ही कुणाकडे लपवला होता, देव जाणे. घर भरून दाखवणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

टाइमकीपर जमिनीकडे बघत राहिले. मागच्या वर्षी एका मुलाचा टीव्ही आठवडाभर त्यांच्याच घरी होता, आणि तो तिथून हलवायची कल्पनाही त्यांचीच. गरिबी नीट दाखवायला त्यांनी मुलांना चांगलं शिकवलं होतं. आज त्यांना त्याची मनापासून लाज वाटली.

मॅडमनी फॉर्म त्याच टेबलावर ठेवला, उभ्या उभ्याच "होय" लिहिलं, खाली सही केली आणि कागद आईसमोर फिरवला. "माझं हे शेवटचं घर. तीन जागा भरल्या. सोमवारी सकाळी हिला सामानासकट हॉस्टेलवर पाठवा."

वकील रडायला लागली. टाइमकीपरांनी नाक पुसलं आणि विसावी, विसावी असं दोनदा पुटपुटले. आई मात्र कागद हातात धरून तशीच उभी राहिली.

"सोमवारी?" ती म्हणाली. "मला वाटलं होतं, अजून महिनाभर तरी हिच्याशी भांडायला मिळेल."