चहापारख्याचे नाक

मित्रांनो, मी एक जुने नाक आहे. चेहऱ्याच्या मानाने अंमळ मोठेच. मालकाच्या थोरल्या बहिणीने लहानपणी माझे नाव बटाटा ठेवले होते. पुढे याच बटाट्याने मालकाला चहाच्या गोदामात पारख्याची नोकरी मिळवून दिली. तो कपावर वाकायचा, मी वास घेत असे आणि दमट माल बाजूला निघत असे. साहेब कौतुकाने म्हणत, "यंत्र कशाला हवंय? हे नाक आहे ना!"

पारख्याच्या खोलीत दुसरा कुठलाही वास चालत नाही. म्हणून मालक रोज सकाळी खिडक्या सताड उघडत असे. बाहेर मोकळे मैदान आणि कमरेइतके गवत.

दरवर्षी ते गवत फुलले की मी थोडे शिंकत असे, पण एका वर्षी माझे फारच बिनसले. आधी खाज, मग शिंका, मग पाण्याची धार. शेवटी मी पार चोंदले. कपाळ जड झाले, गाल ठणकू लागले. अशात बुरसट चहाची एक पेटी चांगली म्हणून पुढे गेली. साहेब म्हणाले, "पुन्हा असं झालं, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

मालकाला वाटले, मी म्हातारे झाले. लाजेपोटी तो कुणाला काही बोलला नाही.

मग एकदा घरी दूध करपले आणि हा शेगडीजवळच उभा! बायको म्हणाली, "अहो, शेजाऱ्यांपर्यंत वास गेला, तुम्हाला नाही आला? चला आधी डॉक्टरांकडे."

डॉक्टरीणबाईंनी माझ्यात उजेड पाडून पाहिले. "त्रास कुठे वाढतो?"

"कामावर. खिडक्या उघडल्या की."

"मग उघडता कशाला?"

"हवा स्वच्छ राहावी म्हणून."

त्या हसल्या. "त्याच हवेतून गवताचे पराग आत येतात. शरीर त्यांना शत्रू समजतं."

तेव्हा मलाही माझे दुखणे कळले. परागांमुळे माझे अस्तर सुजते. गालाच्या आणि कपाळाच्या हाडांत सायनस नावाच्या पोकळ्या असतात. त्यांची चिमुकली दारे माझ्यात उघडतात. सूज आली की ती बंद होतात आणि शेंबूड आत तुंबतो. वास ओळखणारी जागा माझ्या छतापाशी आहे. तिथवर हवाच पोचत नाही.

औषधाचा फवारा सुरू झाला. साहेबांनाही सगळे सांगावे लागले. "आधी बोलायचं ना!" म्हणत त्यांनी मैदानाकडच्या खिडक्या बंद करवल्या. मी मोकळे झाल्यावर त्यांनी पुन्हा कप मांडले. मालक एकापाशी थांबला. "हा दमट आहे." साहेबांनी मान डोलावून तो कप ओतून टाकला.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. दरवर्षी त्याच मोसमात नाक वाहू लागले, तर वयाला किंवा नशिबाला दोष देत गप्प बसू नका. आम्ही शिंकतो, गळतो, चोंदतो. याहून जास्त आम्हाला सांगता येत नाही. पुढचे तुम्हालाच बोलावे लागते.